संधिवात, कोरोना आणि घाबरून बंद केलेली गोळी

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा संधिवाताच्या रुग्णांच्या घरोघरी एकच प्रश्न होता: आठवड्याची मेथोट्रेक्सेट घ्यायची की थांबवायची? प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना कोरोनाचा धोका जास्त, असं टीव्हीवर दिवसभर कानावर पडत होतं. आणि ही गोळी प्रतिकारशक्ती दाबते, हे तर डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलेलं. दोन्ही वाक्यं खरी. ती शेजारी शेजारी ठेवली की गोळी बंद करावी असंच कुणालाही वाटेल, आणि पुष्कळांनी ती केलीही. विचारणार कुणाला? ओपीडी बंद, एसटी बंद, डॉक्टरांचा फोन लागत नाही. महिना-दीड महिन्यात बोटं सुजली, मूठ वळेना, सकाळी उठल्यावर दोन-दोन तास अंग आखडलेलं. मग जवळच्या दवाखान्यातून स्टेरॉइडची गोळी सुरू झाली, कारण तिने दोन दिवसांत आराम पडतो.

पुढे वर्षभरात जगभरातून माहिती जमा होत गेली, तेव्हा कोरोनाच्या बाबतीत धोका वाढवणाऱ्या गोष्टी नेमक्या याच निघाल्या: उसळलेला आजार, आणि त्यासाठी रोज घेतलेलं जास्त डोसचं स्टेरॉइड. मेथोट्रेक्सेट त्या मानाने पुष्कळ सुरक्षित ठरली. हे कसं कळलं आणि त्यातलं आज काय उपयोगाचं आहे, ते इथे मांडतो आहोत.

आधी एक खुलासा. आपल्याकडे सांधा दुखला की संधिवात म्हणायची पद्धत आहे. साठीनंतर गुडघ्याची कूर्चा झिजून होणारं दुखणं हाही संधिवातच, पण तो प्रतिकारयंत्रणेचा आजार नाही, आणि त्याच्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही लागत नाहीत. इथे विषय आहे तो प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारांचा: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात, त्वचा, सांधे, मूत्रपिंडं अशा अनेक ठिकाणी हल्ला करणारा ल्युपस, पाठीचा कणा आखडवणारा ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस, सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, त्वचा घट्ट करणारा स्क्लेरोडर्मा, रक्तवाहिन्यांना सूज आणणारा व्हॅस्क्युलायटिस. ही माणसं वाटतात तितकी थोडी नाहीत. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. तिच्यात प्रौढांमधलं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं, म्हणजे दोनशे माणसांमागे एक. बाकीचे आजार वेगळेच. मोठ्या गावात अशी दहा-पंधरा घरं सहज निघतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना संधिवाततज्ज्ञ गाठायला जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याहूनही लांब जावं लागतं.

दोन टप्प्यांचा आजार

कोरोनाचा विषाणू शरीरात शिरला की पहिला आठवडाभर तो नाकाघशात आणि फुप्फुसांत वाढत असतो. या काळात शरीराची पहिली फळी, विशेषतः इंटरफेरॉन नावाची रसायनं, जितक्या लवकर कामाला लागतील तितकं बरं. बहुतेकांचा आजार इथेच मिटतो. काहींच्या बाबतीत मात्र सात-आठ दिवसांनी वेगळंच वळण लागतं. विषाणू कमी होत आलेला असतो, पण प्रतिकारयंत्रणा थांबत नाही. इंटरल्युकिन-6, टीएनएफ अशी दाह वाढवणारी रसायनं रक्तात वाढत जातात, फुप्फुसांत पाणी आणि सूज येते, ऑक्सिजन खाली जातो. 2020-21 मध्ये ज्यांना ऑक्सिजनच्या खाटेसाठी धावाधाव करावी लागली त्यांतले बहुतेक या दुसऱ्या टप्प्यात होते.

संधिवाततज्ज्ञांना ही नावं नवी नव्हती. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-6 हीच रसायनं आमवातात सांध्यांना सूज आणतात, आणि त्यांना अडवणारी औषधं ते कोरोनाच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. त्यामुळे 2020 मध्ये या डॉक्टरांपुढे एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहिले. आपल्या औषधांमुळे पहिल्या टप्प्यात विषाणूला मोकळं रान मिळेल का? की हीच औषधं दुसऱ्या टप्प्यापासून रुग्णाला वाचवतील? नुसत्या तर्काने दोन्ही पटत होतं. उत्तर आकड्यांतूनच मिळणार होतं.

त्याच वर्षी एक चकित करणारी गोष्टही पुढे आली. जीवघेणा कोरोना झालेल्यांपैकी सुमारे 10 टक्के लोकांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे ज्यांना कधी संधिवात झाला नव्हता अशांमध्येही प्रतिकारयंत्रणा उलटणं हेच गंभीर आजाराचं एक कारण निघालं. ल्युपसच्या काही रुग्णांत अशा अँटिबॉडी पूर्वीपासून माहीत होत्या.

आकडे काय सांगतात, आणि ते कसे वाचायचे

मार्च 2020 मध्येच जगभरच्या संधिवाततज्ज्ञांनी एकत्र येऊन कोविड-19 ग्लोबल ऱ्हुमॅटॉलॉजी अलायन्स नावाची नोंदवही सुरू केली. आपल्या रुग्णाला कोरोना झाला की डॉक्टर त्याची माहिती तिथे भरायचे: वय, आजार, औषधं, पुढे काय झालं. मेअखेर पहिल्या 600 रुग्णांचा अहवाल आला. ते 40 देशांतले होते. त्यांच्यापैकी 46 टक्क्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं आणि 9 टक्के दगावले होते.

हे आकडे वाचून छातीत धस्स होतं. पण डॉक्टरांपर्यंत पोचतो तो रुग्ण मुळात जास्त आजारी असतो. घरी दोन दिवस ताप येऊन बरा झालेला माणूस अशा नोंदवहीत येतच नाही. म्हणून संधिवाताच्या सगळ्या रुग्णांना किती धोका, हे या 9 टक्क्यांवरून काढता येत नाही. त्या काळात हाच आकडा कुठलाही संदर्भ न देता फिरवला गेला आणि त्याने विनाकारण भीती पसरली, याचं वाईट वाटतं. नोंदवहीचा खरा उपयोग आतल्या आत तुलना करायला होतो: यांच्यातच कोण जास्त आजारी पडलं, कोण कमी?

सगळ्या लोकसंख्येशी तुलना करायची तर ब्रिटनमधला ओपनसेफली हा अभ्यास बघावा लागतो. तिथे तब्बल 1 कोटी 70 लाखांवर प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या गेल्या. वय आणि इतर आजारांचा हिशेब वजा केल्यावर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ल्युपस किंवा सोरायसिस असलेल्यांत कोरोनाने मृत्यू होण्याचा धोका इतरांपेक्षा 19 टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा एकटा बघितला तर मोठा वाटेल. त्याच अभ्यासात साखर नियंत्रणात नसलेल्या मधुमेह्यांचा धोका जवळपास दुप्पट होता, आणि पन्नाशीतल्या माणसाच्या तुलनेत ऐंशी ओलांडलेल्याचा वीसपट. म्हणजे पस्तीस वर्षांच्या, आजार आटोक्यात असलेल्या आमवाताच्या रुग्णापेक्षा घरातल्या ऐंशीच्या आजोबांची काळजी कितीतरी जास्त करायला हवी होती.

आता नोंदवहीच्या आतली तुलना. 2021 मध्ये 3,729 रुग्णांचा मोठा अहवाल आला. वाढलेलं वय, पुरुष असणं, उच्च रक्तदाबासोबत हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार ही कारणं सगळ्यांना लागू होतात तशी इथेही दिसली. त्यांच्याबरोबर खास संधिवाताशी जोडलेली तीन कारणं पुढे आली. आजार मध्यम किंवा तीव्र प्रमाणात उसळलेला असणं. रोज 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन, म्हणजे नेहमीची स्टेरॉइडची गोळी, चालू असणं. आणि काही ठरावीक औषधं, त्यांत सगळ्यात वर रिटुक्सिमॅब, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी पुसून टाकणारं इंजेक्शन. नुसती मेथोट्रेक्सेट घेणारे तुलनेने सुस्थितीत होते. टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, एटानरसेप्ट वगैरे घेणाऱ्यांत तर 2020 च्या पहिल्या अहवालातच रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण कमी दिसलं होतं. इंजेक्शनचं नाव ऐकून ही औषधं सगळ्यात धोक्याची असतील असंच लोकांना वाटायचं. (आपल्याकडे या इंजेक्शनांचा खरा घोर असतो तो टीबीचा, म्हणून तर सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करून घेतात.) टोफासिटिनिबसारख्या जेएके गटातल्या गोळ्या घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांचं चित्र मात्र टीएनएफवाल्यांपेक्षा वाईट निघालं.

स्टेरॉइडचं कोडं

इथे वाचणारा गोंधळतो, आणि ते रास्तच आहे. स्टेरॉइड घेणारे संधिवाताचे रुग्ण कोरोनात जास्त आजारी पडले म्हणता, मग कोरोना झालेल्या लाखो लोकांना रुग्णालयात स्टेरॉइडच तर दिलं ना?

दिलं, आणि त्याने जीव वाचले. 16 जून 2020 ला ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचा, म्हणजे कोरोनाच्या रुग्णांवर औषधं तपासून पाहणाऱ्या अभ्यासाचा, निकाल आला. दिवसाला 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, आणि नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काहीही फायदा झाला नाही, उलट नुकसानीकडे कल दिसला. फरक वेळेचा आहे. पेरणीनंतरचा पाऊस आणि काढणीच्या वेळचा पाऊस, पाणी तेच. एकाने पीक उभं राहतं, दुसऱ्याने हातचं जातं. दुसऱ्या टप्प्यात बेभान झालेला दाह स्टेरॉइड आवरतं. पहिल्या टप्प्यात तेच स्टेरॉइड विषाणूशी लढणाऱ्या पेशींचे हात बांधतं. संधिवाताचा जो रुग्ण महिनोन्‌महिने रोज 15-20 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेत होता, तो पहिल्या दिवसापासून हात बांधलेल्या अवस्थेतच कोरोनाला सामोरा गेला.

यात एक बारकावा आहे. जास्त स्टेरॉइड त्यालाच चालू असतं ज्याचा आजार जास्त उसळलेला असतो, त्यामुळे दोष औषधाचा किती आणि आजाराचा किती हे वेगळं काढणं अवघड जातं. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींचा उपाय एकच: मेथोट्रेक्सेटसारखी मूळ औषधं नियमित घेऊन आजार शांत ठेवायचा, म्हणजे स्टेरॉइडचा डोस आपोआप कमी ठेवता येतो.

वेळेची ही गोष्ट 2021 च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे फार महागात पडली. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ऑक्सिजन 98 असताना, घरच्या घरी स्टेरॉइड सुरू केली गेली. व्हॉट्सॲपवर प्रिस्क्रिप्शनं फिरली. साखर वाढली, आणि त्यातून म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, महाराष्ट्रात इतक्या लोकांना झाली की डोळा आणि जबडा गमावलेली माणसं आजही भेटतात. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी खुब्याचं हाड रक्तपुरवठ्याअभावी मरू लागलेल्या तीन कोरोना रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले, तिघांनाही स्टेरॉइड दिलेलं, आणि दुखणं सुरू झालं कोरोनानंतर साधारण दोन महिन्यांनी. स्टेरॉइड घेतल्यानंतर जांघेत दुखू लागलं, पाय आत वळवताना कळ आली, तर ते नेहमीच्या संधिवाताच्या खाती टाकू नये. एमआरआयमध्ये हे लवकर दिसतं, साध्या एक्स-रेमध्ये उशिरा.

याच्या दुसऱ्या टोकाची चूकही तेवढीच घातक आहे. कोरोना झाला म्हणून चालू असलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणं. काही आठवडे रोज प्रेडनिसोलोन घेतलं की आपल्या मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतात. आजारपणात शरीराला ते नेहमीपेक्षा जास्त लागतं. नेमक्या त्याच वेळी गोळी थांबली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस निपचित पडतो. ओम्नाकॉर्टिल, वायसोलोन, मेड्रॉल ही स्टेरॉइडचीच बाजारातली नावं; यांतलं काहीही बरेच दिवस चालू असेल तर ताप आल्यावर ते थांबवायचं नसतं. कधी कधी डॉक्टर उलट तात्पुरता डोस वाढवतात.

औषधाच्या दुकानातली ती पाकिटं

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण त्या दिवसांत ल्युपसच्या रुग्णांवर मोठा अन्याय झाला.

ही गोळी मुळात मलेरियाची. ल्युपसमध्ये मात्र ती कायमची सोबत असते: आजार उसळू देत नाही, मूत्रपिंडांना जपते, गरोदरपणातही चालते. मार्च 2020 मध्ये ती कोरोनावर चालेल अशी हवा तयार झाली. आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना ती प्रतिबंधासाठी सुचवली, 25 मार्चला भारताने निर्यात थांबवली, आणि ती चिठ्ठीशिवाय मिळू नये म्हणून औषधाला शेड्यूल एच-वन लावण्यात आलं. तोवर शहरांतल्या दुकानांतून एचसीक्यूएसची, म्हणजे याच गोळीची, पाकिटं उचलली गेली होती. ज्यांना काही झालेलं नव्हतं त्यांनी ती कपाटात भरून ठेवली. वर्षानुवर्षं दर महिन्याला तीच चिठ्ठी घेऊन येणारी ल्युपसची बाई काउंटरवर उभी राही, आणि "माल नाही, पुढच्या आठवड्यात बघा," हे ऐकून परत जाई. काही जणींनी दिवसाआड अर्धी अर्धी गोळी घेऊन साठा पुरवला.

आणि ज्यासाठी हे सगळं झालं ते खरं निघालंच नाही. ल्युपसचे रुग्ण ही गोळी आधीपासून घेतच होते आणि त्यांनाही कोरोना होत होता. पहिल्या 600 रुग्णांच्या अहवालातही ही गोळी घेणारे रुग्णालयात दाखल होण्यापासून वाचले असं दिसलं नाही. 5 जून 2020 ला रिकव्हरी चाचणीने उपयोग नसल्याचं जाहीर केलं, आणि 15 जूनला अमेरिकेच्या एफडीएने दिलेली आणीबाणीची परवानगी मागे घेतली. ल्युपसमध्ये तिचं काम मात्र पूर्वीसारखंच चालू आहे. वजनाप्रमाणे डोस आणि वेळच्या वेळी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, एवढं पथ्य पाळलं की ती वर्षानुवर्षं घेता येते.

दुसऱ्या काही औषधांनी मात्र दोन्हीकडे काम केलं. इंटरल्युकिन-6 अडवणारं टोसिलिझुमॅब हे आमवाताचं इंजेक्शन. रिकव्हरी चाचणीत, ऑक्सिजन कमी आणि दाह जास्त असलेल्या रुग्णांमध्ये, 28 दिवसांतले मृत्यू त्याने 35 वरून 31 टक्क्यांवर आले. दुसऱ्या लाटेत त्यासाठी नातेवाइकांनी किती पैसे मोजले आणि किती दारं ठोठावली ते महाराष्ट्रात सांगायची गरज नाही. आमवाताचीच आणखी एक गोळी, बॅरिसिटिनिब, तिचाही गंभीर रुग्णांत फायदा दिसला. गाऊटवरचं कोल्चिसिन मात्र त्याच चाचणीत निरुपयोगी ठरलं.

तापच आहे, की आजाराने उचल खाल्ली?

अंग दुखतंय, थकवा आहे, बारीक ताप आहे. ल्युपसच्या रुग्णाला हे कोरोनात होतं तसंच आजार उसळल्यावरही होतं. रक्तातलं सीआरपी, म्हणजे दाहाची खूण, दोन्हींत वाढतं, लिम्फोसाइट पेशी दोन्हींत कमी होतात. म्हणून या रुग्णांनी अंदाज बांधत बसण्यापेक्षा साधी अँटिजेन किंवा आरटी-पीसीआर तपासणी लवकर करून घेणं चांगलं. टोसिलिझुमॅब चालू असेल तर गोष्ट आणखी फसवी होते. ते इंजेक्शन ताप आणि सीआरपी दोन्ही दाबून टाकतं, त्यामुळे आत न्यूमोनिया वाढत असताना रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. नव्या डॉक्टरांकडे गेलात तर हे इंजेक्शन चालू असल्याचं आपणहून सांगा.

एचआरसीटीचा, म्हणजे फुप्फुसांच्या सीटी स्कॅनचा, स्कोअर हा 2021 मध्ये घराघरातला शब्द झाला होता. पण स्क्लेरोडर्मा किंवा जुना आमवात असलेल्या अनेकांच्या फुप्फुसांत आधीपासूनच सूज किंवा जाळी असते, आणि सीटीवर ती कोरोनासारखीच दिसू शकते. जुना सीटी जपून ठेवलेला असला तर रेडिओलॉजिस्ट दोन्ही शेजारी ठेवून नवं काय ते सांगू शकतात.

आणि ऑक्सिमीटर. स्क्लेरोडर्माच्या बहुतेक रुग्णांना, ल्युपसच्याही काहींना, थंडीत बोटं पांढरी-निळी पडण्याचा त्रास असतो. त्या थंडगार बोटात रक्तच नीट पोचत नसतं. त्यावर ऑक्सिमीटर लावला की आकडा लवकर येत नाही, आला तर 85, मग 91, मग पुन्हा 87 असा नाचत राहतो, आणि घरातली माणसं हादरतात. बोटं कोमट पाण्यात धरून गरम करावीत, दुसरं बोट बघावं, आणि आकडा काही सेकंद स्थिर राहिला तरच तो धरावा. रुग्णालयात कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायचं यंत्र असतं. तरीही आकडा खरोखर कमी येत असेल, किंवा चार पावलं चालून धाप लागत असेल, तर बोटांना दोष देत वेळ घालवू नये.

लस आणि रिटुक्सिमॅब

16 जानेवारी 2021 ला आपल्याकडे लसीकरण सुरू झालं, तेव्हा संधिवाताच्या रुग्णांना भीती होती ती लसीने आजार उसळण्याची. कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्हींत शरीरात वाढू शकणारा जिवंत विषाणू नाही, त्यामुळे लसीतूनच कोरोना होण्याचा प्रश्न नव्हता. युरोपात 5,121 जणांची नोंद ठेवली गेली, त्यांतले बहुतेक दाहक संधिवाताचे. लसीनंतर आजार उसळला तो 4.4 टक्क्यांचा, आणि गंभीर म्हणावा असा 0.6 टक्क्यांचा.

खरी अडचण दुसरी होती. लस घेतली तरी पुरेशा अँटिबॉडी तयार होतील का? मेथोट्रेक्सेटने त्या थोड्या कमी होतात. ब्रिटनमध्ये 254 रुग्णांच्या चाचणीत बूस्टरनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवली, तर चार आठवड्यांनी अँटिबॉडी दुपटीहून थोड्या जास्त आढळल्या. केरळात कोचीमध्येही कोव्हिशील्ड घेणाऱ्यांवर असाच अभ्यास झाला. दोन्हीकडे गोळी थांबवल्यावर काहींचं दुखणं वाढलं. त्यामुळे आजार शांत असेल तर डॉक्टरांना विचारून एक-दोन आठवडे गोळी पुढे ढकलता येते. लसीसाठी गोळी थांबवायला जागा आहे ती एवढीच.

रिटुक्सिमॅब ही सगळ्यात नाजूक बाब. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींची फळी हे औषध सहा महिने, कधी त्याहून जास्त काळ पुसून टाकतं. या काळात घेतलेल्या लसीने अँटिबॉडी जवळजवळ बनतच नाहीत, असं अनेकांत दिसलं. विषाणूशी लढणाऱ्या दुसऱ्या, टी पेशींचा प्रतिसाद मात्र बऱ्याच अंशी टिकतो, म्हणून लस अगदी वायाही जात नाही. कोरोना झालाच तर या रुग्णांचं दुखणं लांबतं: ताप उतरतो, आठवड्याने परत येतो, तपासणी दीड-दोन महिने पॉझिटिव्ह राहते. लस आणि पुढचं इंजेक्शन यांच्या तारखा एकत्र बसून ठरवायला हव्यात. शक्य असेल तिथे आधी लस आणि काही आठवड्यांनी इंजेक्शन. व्हॅस्क्युलायटिससारख्या आजारात रिटुक्सिमॅब जीव वाचवतं, तिथे ते लांबवता येईलच असं नाही. मग घरातल्या बाकीच्यांनी लस घेणं आणि सर्दी-तापात त्या माणसापासून लांब राहणं, मास्क वापरणं, हाच आधार उरतो.

काढे, गुळवेल आणि "इम्युनिटी"

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या वस्तूंचा त्या दोन वर्षांत महापूर आला होता. संधिवाताच्या या आजारांत प्रतिकारयंत्रणा कमी नसते, ती चुकीच्या दिशेने जास्त काम करत असते, हे तिथे कुणी सांगत नव्हतं. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; ती सूज प्रतिकारयंत्रणा यकृतावर उलटते तशा प्रकारची होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वाद अजून मिटलेला नाही. पण मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड घेणाऱ्यांना यकृताच्या तपासण्या दर काही महिन्यांनी कराव्याच लागतात, त्यामुळे मला वाटतं त्यांनी तरी गुळवेलीच्या वाटेला जाऊ नये. घेत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

आज कोरोना झाला तर

5 मे 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू मात्र आहेच, आणि बहुतेकांना आता तो साध्या तापासारखा येऊन जातो. मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलॅझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांवर आजार शांत असलेल्या, लस घेतलेल्या रुग्णालाही फार घाबरायचं कारण नाही. बाजूला दुसरं कुणी आजारी आहे म्हणून कुठलंही औषध थांबवायचं नाही. स्वतःची तपासणी पॉझिटिव्ह आली तर मेथोट्रेक्सेट, बायोलॉजिक इंजेक्शनं (टीएनएफ अडवणारी, रिटुक्सिमॅब वगैरे) आणि जेएके गटातल्या गोळ्या सहसा तात्पुरत्या थांबवतात, आणि सौम्य आजार असेल तर लक्षणं गेल्यावर 7 ते 14 दिवसांत परत सुरू करतात. परत सुरू करणंच लोक विसरतात, आणि मग महिन्याभराने सांधे आठवण करून देतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवता येतं. स्टेरॉइडचं वर सांगितलंच आहे.

रिटुक्सिमॅब घेणारे, रोज 10 मिलिग्रॅमच्या वर प्रेडनिसोलोन लागणारे, मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइड चालू असलेले आणि फुप्फुसांत आधीच जाळी असलेले, या सगळ्यांनी पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांना कळवावं, कारण विषाणूवरची औषधं लवकर दिली तरच उपयोगी पडतात. त्यांतल्या निरमाट्रेलविर-रिटोनाविर या जोडगोळीचा इतर औषधांशी खटका उडतो. गाऊटसाठी कोल्चिसिन चालू असेल तर रक्तातली त्याची पातळी धोकादायक वाढू शकते, मूत्रपिंडं कमजोर असतील तर जिवावरही बेतू शकतं. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिनचंही तसंच. चालू औषधांची नावं, डोस आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहिलेला कागद पाकिटात असावा, कारण ताप चढलेल्या माणसाला कॅज्युअल्टीत हे आठवत नाही.

ज्यांना आधी संधिवात नव्हता त्यांच्याबद्दलही थोडं. कोरोनानंतर काही आठवडे सांधे दुखणं ही नेहमीची गोष्ट आहे, चिकनगुनिया पाहिलेल्या महाराष्ट्राला विषाणूनंतरचं दुखणं नवीन नाही. जर्मनी, ब्रिटन आणि हाँगकाँगमधल्या मोठ्या नोंदी तपासल्यावर कोरोना होऊन गेलेल्यांत प्रतिकारयंत्रणेचे नवे आजार काहीसे जास्त आढळले, पण अशा रुग्णांची प्रत्यक्ष संख्या थोडीच आहे. दुखतंय म्हणून लगेच लॅबमध्ये जाऊन आरए फॅक्टर आणि एएनए या संधिवाताच्या रक्ततपासण्या करून घेऊ नयेत. कुठल्याही विषाणूनंतर हे दोन्ही काही काळ खोटे पॉझिटिव्ह येऊ शकतात, आणि त्या कागदावरून आयुष्यभराचं निदान चिकटतं. नुसतं दुखणं असेल तर थोडी वाट बघता येते. पण सहा आठवडे उलटूनही सांध्यांवर डोळ्यांना दिसणारी सूज असेल आणि सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, तर मात्र आणखी न थांबता संधिवाततज्ज्ञांना दाखवावं, कारण आमवात असला तर सांधा वाचवायचा काळ पहिल्या काही महिन्यांचाच असतो.